शिडाच्या होडीतून जंजिरा

आम्ही बदलापूरकडच्या शिरगावची माणसं, उल्हास नदीकाठची. समुद्र आमच्या वाट्याला सुट्टीतच येतो. राजपुरीच्या धक्क्यावर अख्खी होडी ठरवली, तांडेल आणि खलाशांसकट. वारा भरला, शीड फुगलं. ‘खलाशी’ मूळचा अरबी, तसाच ‘जंजिरा’ही, जझीरा म्हणजे बेट. आपल्या तोंडी हे शब्द असे रुळलेत, की परके म्हणायची सोय नाही.

१६८२ साली संभाजीराजांनी याच पाण्यात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. पण मोगल फौज आमच्या कल्याणवर उतरली आणि राजांना मागे फिरावं लागलं. किल्ला सिद्दींकडेच राहिला. पुढे १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, तेही लढाईविना.

आता तिथे माणसं तिकीट काढून जातात. दरवाजा मात्र होडी तटाला भिडेपर्यंत दिसत नाही.