घासातला चावा

चीजचा कपटा, केकचा कण, पावाचा कोपरा: इंग्रजीत हा ‘मॉर्सल’. केल्या कर्माचा पस्तावा म्हणजे ‘रिमॉर्स’. एक जिभेवरचा, दुसरा काळजातला. आणि दोघं सख्खे भाऊ! लॅटिन ‘मोर्देरे’ म्हणजे चावणे, ‘मोर्सुस’ म्हणजे चावा. जुन्या फ्रेंचने त्याला लघुत्वाचा प्रत्यय लावला आणि चावून तोडलेला एवढासा तुकडा नॉर्मनांमागोमाग इंग्लंडात आला. ‘रे’ हा उपसर्ग लागला की चावा पुन्हा पुन्हा बसतो.

हे नातं १३४० साली केंटमधल्या मायकेल नावाच्या भिक्षूला स्वच्छ दिसत होतं. फ्रेंच नीतिग्रंथाचं भाषांतर करताना त्याने परका शब्द उचलला नाही. आपल्याच बोलीतले तुकडे जोडून त्याने ग्रंथाला नाव दिलं ‘एअनबाइट ऑफ इनविट’, म्हणजे आतल्या जाणिवेचा फेरचावा. शब्द रुजला नाही. पण १९२२च्या ‘युलिसिस’ या कादंबरीत जेम्स जॉइसने तो उकरून काढला आणि मरणाऱ्या आईच्या उशाशी प्रार्थना नाकारणाऱ्या स्टीफन या पात्राच्या मनात सोडला. मराठीला हे सांगावं लागत नाही. आपलंही ‘मन खातं’.

सगळ्यात विलक्षण दुवा मात्र कोर्टातला आहे. नॉर्मनपूर्व इंग्लंडात आरोपीला, विशेषतः धर्मगुरूंना, मंतरलेल्या पावाचा किंवा चीजचा तुकडा गिळायला देत. सुखाने उतरला तर निर्दोष, घशात अडकला तर दोषी. या दिव्याचं नाव ‘कॉर्स्नेड’. अठराव्या शतकात कायदेपंडित ब्लॅकस्टोनने त्याचा अर्थ दिला ‘शापाचा मॉर्सल’. १०५३ साली इंग्लंडातला बडा सरदार अर्ल गॉडविन राजाच्या पंगतीत कोसळला आणि काही दिवसांत मेला. पुढच्या बखरकारांनी रंगवलं की राजाच्या भावाच्या खुनाबद्दल निर्दोषपणाची शपथ घेऊन त्याने घास तोंडात घातला, तोच नरड्यात रुतला. खरं तर तो पक्षाघात असावा. ‘स्नेड’ म्हणजे कापलेला तुकडा, चावलेला नव्हे, म्हणून शब्दांचं नातं इथे लागत नाही. पण घास आणि अपराधी मन यांची गाठ फ्रेंच शब्द येण्याआधीच तिथे पडली होती, हे नक्की. भीतीने तोंडाला कोरड पडते, हेच त्यामागचं शास्त्र. आपल्या धर्मशास्त्रातलं तांदूळ चावायला लावण्याचं दिव्यही त्यावरच चालत असणार.

‘मोर्देरे’ची मुळं आणखी खोल नेऊन काही कोशकार संस्कृत ‘मृद्’शी, म्हणजे आपल्या ‘मर्दना’शी जोडतात. काहींना त्याच कुळात इंग्रजी ‘स्मार्ट’ दिसतो, हुशार नव्हे, झोंबणारा. दोन्ही दावे एकत्र नांदू शकतात. पण दाताखाली दाणा कसा चुरडतो ते पाहिलं, की ‘मर्दन’च अधिक पटतं.

मग इंग्रजांचा स्वतःचा घास कुठे गेला? तो होता ‘बिट’, ‘बाइट’चाच सोयरा, अर्थ तोच: चावून तोडलेला तुकडा. मॉर्सल ताटात राहिला आणि बिट स्वयंपाकघरातून बाहेर पडून कशालाही चिकटला. आज ‘वेट अ बिट’ म्हणणाऱ्याच्या तोंडात काहीही नसतं.