डबेवाला प्रकरण-अभ्यास
मुंबईच्या डबेवाल्यांच्या संघटनेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रकरण-अभ्यास. लेखक: प्राध्यापक स्टीफन थॉम्के आणि मोना सिन्हा. प्रकरण-अभ्यास म्हणजे संस्थेच्या सहकार्याने माहिती घेऊन वर्गातील चर्चेसाठी लिहिलेली व्यवहारकथा. तयार उत्तर त्यात नसते. सुमारे पाच हजार डबेवाले, बहुतेक मावळ-खेड-जुन्नरकडचे, लोकलने दररोज लाखाहून अधिक जेवणाचे डबे पोहोचवत. झाकणावरील रंगीत खुणा, मुकादमाच्या हाताखालच्या स्वायत्त टोळ्या आणि लोकलचे वेळापत्रक यांवर सारी भिस्त. ‘सिक्स सिग्मा’ या जवळजवळ बिनचूकपणाच्या दर्जाचे बहुचर्चित कौतुक बाजूला ठेवले तरी अभ्यासाचे मोल उरते. सामान्य शिक्षण झालेली माणसे उत्तम रचनेत असामान्य काम करतात, हा थॉम्के यांचा निष्कर्ष.