निशाणी नांगराची

श्रोतेहो, इतिहासाचा तास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे रायगड येतो, पानिपत येतं, दिल्ली येते. आपल्या गावाची वेस काही येत नाही. मी काही वर्षं दौंड तालुक्यात माध्यमिक शाळेवर होतो, पुढे शिरूर तालुक्यात आलो. दोन्हीकडे मुलांचा प्रश्न एकच: "सर, आपल्या मुलखात कधी काही घडलंच नाही का?"

घडलं आहे. आणि ते शिकवताना माझी एकदा चांगलीच फजिती झाली. तीच हकिगत आज सांगतो. शिक्षक बंधुभगिनींना तिचा थोडाफार उपयोग होईल. शेतकरी मंडळींना तर ती घरचीच वाटेल.

१८७५ चे दख्खनचे दंगे पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपतात. पण त्यांची सुरुवात झाली ती शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात. १८७४ च्या अखेरीला तिथल्या एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखांचं घर पाडलं. गाव चिडलं; पण काठी उचलली नाही. सावकाराच्या शेतात कामाला जायचं नाही, त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही, त्याचं पाणी भरायचं नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, असं गावाने ठरवलं. शेवटी तो गाव सोडून शिरूरला आला.

हे लोण गावोगाव गेलं. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी दौंड-बारामतीचा हा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडत असे. लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. जिथे कागद मुकाट्याने हाती आले, तिथे बहुधा पुढचा दंगा टळला. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगितलं. तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "बेस झालं सर! जाळायलाच पायजे होते कागद!" वर्ग हसला, टाळ्या पडल्या. त्याच्या शेजारचा मुलगा मात्र मान खाली घालून बसला. त्याच्या घरी पिढीजात दुकान. पूर्वी सावकारीही असावी. रोज एकत्र डबा खाणारी ही पोरं, त्या दिवशी मधल्या सुट्टीत वेगवेगळी बसली.

रात्री मला झोप आली नाही. शिकवायला गेलो इतिहास आणि वाटून आलो वैर! विचार करता ध्यानात आलं, की मी गोष्ट सांगितली, पण कारणं सांगितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला फळ्यावर गणित मांडलं. समजा, शंभर रुपयांचं कर्ज, व्याज दरसाल शेकडा पंचवीस. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू असा, की व्याज फार तुंबू नये. पण झालं उलटंच. दर तिसऱ्या वर्षी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहिला जाऊ लागला. तीन वर्षांनी शंभराचे १७५ झाले, सहा वर्षांनी ३०६, नऊ वर्षांनी ५३६! साधं सरळ व्याज धरलं तर होतात ३२५. "मग वरचे दोनशे अकरा कुणी घेतले?" मी विचारलं. "सावकारानं!" वर्ग ओरडला. "आणि तीन वर्षांची मुदत कुणी घातली?" वर्ग गप्प.

मग एकेक कारण निघालं. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली, तशी इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्जही सहज मिळू लागलं. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळला आणि सावकाराने हात आखडला. त्यातच १८६७ नंतर या पूर्व भागात साऱ्याची फेरआकारणी होऊन पुष्कळ गावांचा सारा वाढला. सारा भरायचा रोख आणि वेळेवर. पाऊस मात्र वेळेवर येत नसे.

पुढच्या आठवड्यात एका मुलीने आजीच्या पेटीतला जुना कागद आणला. मोडीतला. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून तो वाचून घेतला. कर्जरोखाच होता तो. खाली सहीच्या जागी इवलासा नांगर काढलेला. ज्याला लिहिता येत नसे, तो शेतकरी निशाणी म्हणून नांगर काढी, बरं का. कागद बाकाबाकांवरून फिरला. परवाचा मान खाली घालणारा मुलगा तो हातात धरून म्हणाला, "सर, ह्या माणसाला हे वाचून कुणी दाखवलं होतं?"

श्रोतेहो, हा प्रश्न ऐकून मला वाटलं, आता इतिहास सुरू झाला. सरकारला हा प्रश्न सुचायला १८७९ साल उजाडलं. त्या वर्षीच्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी होणारी कैद बंद केली, रोखा गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहावा असं ठरवलं आणि रोख्यामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. पळवाटाही निघाल्या, गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेतलं जाऊ लागलं. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आज गावोगावी जी सोसायटी दिसते, तिचं मूळ तिथे आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनेच आयोग नेमला. त्याने दोष मुख्यतः सावकारांवर ठेवला. सरकारी सारा हे कारण मानलं नाही. तेव्हा अहवाल वाचताना तो लिहिला कुणी, हेही विचारावं. जुन्या कागदाला आणि आजच्या छापील बातमीला, दोन्हींना हे लागू आहे.

चार दिवसांनी ती दोन पोरं पुन्हा एकत्र डबा खाताना दिसली. आजोबा-पणजोबांचं देणं-घेणं नातवांनी वारसा म्हणून चालवायचं नसतं. ते समजून घ्यायचं असतं.

म्हणून शिक्षकांना विनंती, की गावचा इतिहास शिकवा, पण बाजू वाटून देऊ नका. कारणं शोधायला लावा. आणि घरोघरच्या मंडळींना एवढंच सांगणं, की माळ्यावर जुना कागद सापडला तर चुलीत घालू नका. एक दिवस तो पोराबरोबर शाळेत पाठवा. आणि नवा कागद पुढे आला, तर वाचून, विचारून, मगच सही करा.