५१ टक्के मतं, १६ जागा: महाराष्ट्राचा १९९९ चा निकाल

आज थोडं गणित आहे. पण पाचवीतलं. बेरीज-वजाबाकी आली की झालं.

सुरुवातीलाच एक प्रश्न. एका राज्यात दोन पक्षांना मिळून साधारण ५१ टक्के मतं पडली आणि समोरच्या दोन पक्षांना मिळून ३८ टक्के. तर जास्त जागा कोणाच्या? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण उत्तर उलटं आहे. ५१ टक्केवाल्यांना १६ जागा आणि ३८ टक्केवाल्यांना २८. राज्य आपलंच, महाराष्ट्र. निवडणूक १९९९ ची, लोकसभेची. एकूण जागा ४८.

हे कसं झालं, ते समजायला थोडं मागे जाऊ.

१९९६ च्या लोकसभेत शिवसेना-भाजप युतीने महाराष्ट्रात ३३ जागा जिंकल्या होत्या. भाजप १८, शिवसेना १५. काँग्रेस १५ वर अडकली. राज्यात सरकारही युतीचंच होतं. पण दोनच वर्षांत, १९९८ ला, पुन्हा लोकसभा निवडणूक लागली आणि चित्र फिरलं. काँग्रेस ३३! शिवसेना ६, भाजप ४. शेकाप १. आणि रिपब्लिकन पक्ष ४.

या चारवर जरा थांबू या. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून. चारही मतदारसंघ खुले होते, राखीव नव्हते. एरवी वेगवेगळ्या गटांत असलेले हे नेते एकत्र आले होते आणि शरद पवारांनी त्यांना काँग्रेससोबत जोडून घेतलं होतं. समाजवादी पक्षालाही सोबत घेतलं. म्हणजे युतीच्या विरोधातली मतं एका टोपलीत जमा केली. १९९८ चा निकाल हा त्या टोपलीचा निकाल होता.

आणि मग टोपली फुटली.

१७ एप्रिल १९९९. दिल्लीत वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. २६९ विरुद्ध २७०. पुन्हा निवडणूक. मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढला. काँग्रेसने तिघांनाही पक्षातून काढलं. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. तिकडे कारगिलचं युद्ध सुरू होतं. जुलैअखेर ते संपलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान आलं. महाराष्ट्रात युतीने विधानसभाही मुदतीच्या आधीच बरखास्त केली होती. त्यामुळे मतदाराने एकाच फेरीत दोन मतं दिली, एक लोकसभेला आणि एक विधानसभेला.

निकाल ६ ऑक्टोबरला लागला. लोकसभेला शिवसेना १५, भाजप १३. काँग्रेस १०, राष्ट्रवादी ६. उरलेल्या चार जागा छोट्या पक्षांना.

आता मतं बघा. १९९८ ला युतीची मतं होती साधारण ४२ टक्के. १९९९ ला झाली ३८. म्हणजे मतं घटली! आणि जागा? १० वरून २८.

जादू वगैरे काही नाही. समजा, एका मतदारसंघात शंभर मतं पडली. युतीला ३८, काँग्रेसला ३२, राष्ट्रवादीला ३०. जिंकलं कोण? युती. कारण आपल्याकडे निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, बाकीच्या प्रत्येकापेक्षा एक जास्त असलं की पुरे. मागच्या वेळी हीच ३८ मतं हरली असती, कारण समोर एकच उमेदवार होता.

मुंबईत हे स्पष्ट दिसलं. १९९८ ला मुंबईतल्या सहा जागा तीन-तीन अशा वाटल्या गेल्या होत्या. १९९९ ला सहापैकी पाच युतीकडे. दक्षिण मुंबईत मुरली देवरांना जयवंतीबेन मेहतांनी हरवलं. पुण्यात १९९८ ला काँग्रेसचे विठ्ठल तुपे खासदार झाले होते, तिथे आता भाजपचे प्रदीप रावत आले. अमरावती आणि चिमूरही युतीकडे गेले. रिपब्लिकन नेत्यांतले आंबेडकर आणि आठवले तेवढे पुन्हा लोकसभेत पोचले. आणि आठवले तर पंढरपूरमधून!

पश्चिम महाराष्ट्रात मात्र वेगळं घडलं. तिथे युतीची ताकद तेव्हा कमी होती. त्यामुळे खरी झुंज दोन काँग्रेसमध्येच लागली. कराडमध्ये राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांना हरवलं. राष्ट्रवादीच्या सहाही जागा याच पट्ट्यातल्या: बारामती, खेड, सातारा, कराड, कोल्हापूर, इचलकरंजी. फूट तीच, पण समोर तिसरा तगडा असेल तरच ती महागात पडते.

गंमत अजून पुढे आहे. विधानसभेला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. युती १२५. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेले दोघं निकालानंतर एकत्र बसले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. मुंबईतली सत्ता मिळाली. पण लोकसभेच्या गेलेल्या जागा काही परत येणार नव्हत्या. निकालानंतर आघाडी करता येते, मतं मात्र परत मोजता येत नाहीत.

इथे एक सावधगिरी. ५१ टक्के हा आकडा बघून "एकत्र असते तर सगळं जिंकले असते" असं म्हणायचा मोह होतो. पण राष्ट्रवादीला मत देणारा प्रत्येक जण काँग्रेसलाही देईल, असं कुठे लिहिलंय? २००४ ला दोघं एकत्र लढले, तेव्हा मतं साधारण ४२ टक्क्यांवर आली. नऊ टक्के गेले! तरीही जागा १६ वरून २२ झाल्या. काँग्रेस १३, राष्ट्रवादी ९. म्हणजे मतं कमी, जागा जास्त. १९९९ ला युतीच्या बाबतीत जे झालं, तेच आता यांच्या बाबतीत.

म्हणून पुढच्या वेळी निकालाच्या दिवशी मोबाइलवर "लाट", "सुपडा साफ" असे मथळे दिसले, की एक काम करा. जागांच्या शेजारी मतांची टक्केवारी शोधा. आणि उमेदवार किती होते, कोण कोणाविरुद्ध उभं होतं, तेही बघा. लोकांचं मन खरंच बदललं, की फक्त मतांची वाटणी बदलली, हे तिथे कळतं. १९९९ ला लाखो लोकांनी युतीच्या विरोधात मत दिलं आणि त्यांचा खासदार युतीचाच झाला. त्यांचं मत चुकलं नव्हतं. ते दोन ठिकाणी वाटलं गेलं होतं.

तुमच्या मतदारसंघात १९९८ आणि १९९९ ला कोण जिंकलं होतं? घरातल्या मोठ्यांना विचारा, गप्पा रंगतील. आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!