विश्लेषण : वासराशिवाय गाय पान्हा का चोरते?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा आणि आष्टी हे तालुके गवळाऊ गाईंचा मूळ प्रदेश मानले जातात. नंद गवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या गाईची धार काढताना आधी वासरू सोडावे लागते. ते दोन-चार घोट प्यायले की त्याला गाईच्या तोंडाजवळ बांधून धार काढतात. वासरू नसेल तर भरल्या कासेची गायही ‘पान्हा चोरते’. हा गाईचा हट्ट नसून एका संप्रेरकाचा परिणाम आहे.

पान्हा फुटतो म्हणजे काय होते?

कासेतील बहुतेक दूध सडात उतरलेले नसते. ते कासेच्या आतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये असते. वासराने सड चोखला किंवा ते नुसते नजरेस पडले, तरी गाईच्या मेंदूतून संदेश जातो आणि पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते. त्यामुळे या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि साधारण मिनिटभरात दूध खाली उतरते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो, म्हणून धार लगोलग काढावी लागते. गाय घाबरली तर ॲड्रेनालिन वाढून पान्हा अडतो. संकरित गाई बहुधा वासराशिवाय दूध देतात. देशी गाईंना मात्र वासराची गरज जास्त भासते.

आपले वासरू कोणते, हे गाईला कसे कळते?

प्रसूतीच्या वेळी गर्भमार्गावर ताण येतो, तेव्हाही हेच ऑक्सिटोसिन स्रवते. पुढचे काही तास आईचा मेंदू नव्या वासाला विशेष ग्रहणशील असतो. त्या वेळेत चाटलेले पिल्लू ‘आपले’ ठरते. याचा पुरावा मेंढ्यांवरील प्रयोगांतून मिळाला. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवले की, गर्भमार्गाला कृत्रिमरीत्या उत्तेजना दिली तर मेंढी परक्या कोकरालाही जवळ करते. म्हणजे नाते रक्ताचे असले, तरी ते ओळखण्याची खूण वास आणि वेळ ही असते.

वानरांत आणि माणसांत वेगळे काय?

विदर्भातील गावांत दिसणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांमध्ये नवजात पिल्लू अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून कळपातील इतर माद्यांच्या हातोहात फिरते. माद्या बहुधा जन्मलेल्या कळपातच राहतात, त्यामुळे या माद्यांमध्ये मावश्या, आज्या आणि बहिणीही असतात. त्या स्वतः व्यालेल्या नसतात, तरी पिल्लू सांभाळतात. माकडे आणि माणसांत माया प्रसूतीच्या संप्रेरकांवरच अवलंबून नसते. सहवास आणि सवयही ती घडवतात. बाळाला सांभाळणाऱ्या वडिलांमध्येही ऑक्सिटोसिन वाढलेले आढळते. दत्तक मुलांवरची माया म्हणूनच खरी असते.

गांधीजींचा याच्याशी काय संबंध?

वासरू मेले की ते पेंढ्याने भरून गाईपुढे ठेवण्याची जुनी रीत होती. त्याहून क्रूर प्रकार म्हणजे ‘फुंका’. यात गाईच्या योनिमार्गात हवा फुंकतात. शरीराला प्रसूतीसारखा ताण जाणवतो, ऑक्सिटोसिन स्रवते आणि दूध उतरते. फुंक्याची माहिती कळल्यावर गाई-म्हशीच्या दुधाची किळस आल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. १९१८ च्या गंभीर आजारानंतर ते शेळीचे दूध घेऊ लागले आणि १९३६ पासून सेवाग्राममध्येही तेच सुरू राहिले. वर्ध्यातच जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम सुरू केले.

इंजेक्शनने दूध वाढते का?

नाही. इंजेक्शन नवे दूध तयार करत नाही, कासेतले दूध फक्त उतरवते. १९५३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे हे स्वस्त औषध गोठ्यातही पोहोचले. वारंवार टोचल्यास गर्भाशय आकसून गाईला वेदना होतात आणि तिला इंजेक्शनची सवय लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम १२ नुसार फुंका आणि दूध काढण्यासाठी दिलेले अपायकारक इंजेक्शन, दोन्ही गुन्हा आहेत.

मग औषधावर बंदी का नाही?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशांतर्गत विक्रीसाठी खासगी कंपन्यांना उत्पादनबंदी केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हे जीवरक्षक औषध आहे आणि त्याचा तुटवडा बाळंतिणींच्या जिवावर बेतू शकतो.

गोठ्यात काय करता येईल?

धारेची वेळ आणि धार काढणारी व्यक्ती शक्यतो बदलू नये. आरडाओरडा टाळावा, कुत्र्याला दूर ठेवावे आणि वासराला जवळ राहू द्यावे. समोर ढेप ठेवून, कोमट पाण्याने कास धुऊन सडांना हलकेच चोळले तरी बऱ्याच गाई पान्हा सोडतात. वासरू दगावले असेल तर ही सवय लावायला काही दिवस लागतात. तरीही गाय दूध देत नसेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे. दुकानातून परस्पर इंजेक्शन आणून टोचू नये.