शंका आणि आशा (ख्रिस्ती श्रद्धेतील)

धर्मसिद्धांत बुद्धीला पटत नसल्याचे उघडपणे मान्य करूनही ईश्वरावरील भरवसा न सोडणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीची मनोवस्था. नास्तिक ईश्वराकडे पाठ फिरवतो. येथे मात्र गाऱ्हाणेही ईश्वरापुढेच मांडलेले असते.

बायबलमध्ये या मनोवस्थेला भक्कम आधार सापडतो. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत विलापस्तोत्रे, म्हणजे दुःख आणि तक्रार देवाच्या कानावर घालणाऱ्या प्रार्थना, पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट भरवशावर होत असला, तरी 88वे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही उपासनेच्या या ग्रंथात त्याचे स्थान कायम राहिले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एका दमात येशूपुढे कबूल करतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुनरुत्थान, म्हणजे मेलेला येशू पुन्हा जिवंत होणे, मानायला तयार नसलेला शिष्य थोमा संशयी म्हणून बदनाम झाला. पण शंका असतानाही तो शिष्यांची संगत सोडून गेला नाही, इकडे टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही.

मराठी माणसाला या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) चरित्रात मिळते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतल्यावर काही काळातच त्यांना त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर), येशूचे ईश्वरत्व आणि त्याचा कुमारीपोटी जन्म यांविषयी शंका येऊ लागल्या व त्यांनी त्या पत्रांतून स्पष्टपणे मांडल्या. त्यांच्या धर्मशिक्षणाची काळजी वाहणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यावर भारतातील पुरोहितशाहीचे जोखड नुकतेच झुगारले असता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. गळ्यातल्या क्रुसावर आपल्याला व आपल्या देशभगिनींना न समजणारी लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्नही त्याच बाण्याचा होता. चेल्टनम येथील कन्याविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र या शंकांना अवज्ञा न समजता विचाराची स्वाभाविक वाटचाल समजले, आणि त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार त्यामुळेच अधिक मोकळा आहे.

येथे महत्त्वाचे हे की रमाबाईंची आशा त्या सिद्धांतांवर उभीच नव्हती. लंडनजवळील फुलम येथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना आपुलकीने सांभाळणारे केंद्र त्यांनी पाहिले, त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानातील येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचली, आणि अशा स्त्रियांना उभे करण्याचे सामर्थ्य ख्रिस्ताच्या ठायी आहे अशी त्यांची खात्री झाली. म्हणून वाद चालू असतानाही त्या डगमगल्या नाहीत. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन आणि पुढे पुण्याजवळील केडगाव येथे मुक्ती मिशन ही त्या आशेची फळे होत. 1891 च्या सुमारास आपल्याला ख्रिस्ताचा खरा अनुभव आला असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. त्या आधाराने काही मिशनरी चरित्रकार आधीच्या शंका अपरिपक्वतेत जमा करतात, पण ते पटण्यासारखे नाही. अधिकाऱ्याच्या शब्दावर न विसंबण्याचा स्वभाव उत्तरायुष्यातही टिकून राहिला: मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर स्वतः केले, आणि ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला होता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केला असून, रमाबाईंच्या श्रद्धेविषयी मत बनवण्यापूर्वी अभ्यासकाने तो वाचणे आवश्यक आहे.