न मारण्याचा हिशेब : प्रतिसरकार, पत्री आणि एक संगणकी खेळ

१९४४ च्या जुलै महिन्यात महात्मा गांधी पाचगणीला होते. ६ मे रोजी आगाखान पॅलेसमधून त्यांची सुटका झाली होती आणि प्रकृती सुधारावी म्हणून ते तिथल्या 'दिलखुश' बंगल्यात राहत होते. पाचगणी म्हणजे सातारा जिल्हाच. घाट उतरून खाली आले की वाई, पुढे कऱ्हाड, आणि मग कृष्णा-वारणेच्या काठचा तो मुलूख, जिथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते रोज रात्री मुक्काम बदलत होते. याच मुक्कामात, जुलैच्या अखेरीस, गांधीजींनी देशभरच्या भूमिगतांना उद्देशून सांगितले की लपून राहणे सोडा, उघड व्हा. गुप्तता अहिंसेच्या शिस्तीत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काही भूमिगत बाहेर आले. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या बरोबरीचे बहुतेक लोक आले नाहीत.

या प्रसंगाकडे आपण बहुधा 'नेत्याचा आदेश आणि कार्यकर्त्यांची अवज्ञा' अशा नजरेने पाहतो. मला त्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. लपणे आणि हिंसा यांचे नाते काय? लपून काम करणारा माणूस कमी हिंसा करतो की जास्त? हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने माझ्यासमोर मांडला तो कोणत्या ग्रंथाने नव्हे, तर एका संगणकी खेळाने. दिवाळी अंकाच्या वाचकांना हा संदर्भ विचित्र वाटेल, म्हणून तो आधी थोडक्यात सांगतो.

खेळातली चोरपावले

संगणकावरच्या खेळांत 'स्टेल्थ' नावाचा एक प्रकार आहे. त्यात शत्रूशी समोरासमोर लढायचे नसते. पहारेकऱ्यांची नजर चुकवत, अंधाराचा आडोसा घेत काम उरकून निसटायचे असते. १९९८ साली आलेल्या 'थीफ' या खेळाने एक मजेशीर नियम घातला होता. सर्वांत अवघड पातळी निवडली की माणूस मारायला बंदी. म्हणजे न मारणे हेच कसबी खेळाडूचे लक्षण ठरले.

२०१२ मध्ये 'आर्केन' या स्टुडिओचा 'डिसऑनर्ड' आला. त्याने हा विचार पुढे नेला. राणीच्या खुनाचा खोटा आळ आलेला तिचा अंगरक्षक कॉर्व्हो तुरुंगातून निसटतो आणि कटातल्या एकेकाला गाठतो. शहरात प्लेगची साथ आहे. तुम्ही जितकी माणसे माराल तितके शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, लोक तुमच्याशी वेगळे बोलतात, शेवटही काळवंडतो. हात आखडून खेळलात तर शहर सावरते. खेळ तुमच्या नकळत प्रत्येक प्रेताची नोंद ठेवतो.

पण माझे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. मुख्य शत्रूंना न मारता बाजूला करण्याची जी सोय खेळात आहे, ती कित्येकदा मरणाहून भयंकर आहे. दोन जुळ्या सरदारभावांच्या जिभा छाटून, डोकी भादरून त्यांना त्यांच्याच खाणीत मजूर म्हणून पाठवले जाते. एका सरदारणीला तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या पुरुषाच्या हवाली केले जाते. हे सारे केल्यावरही खेळाच्या वहीत तुमच्या नावावर खून शून्य, आणि शेवट गोड. २०१७ साली त्याच मालिकेत आलेल्या 'डेथ ऑफ द आउटसायडर' या भागातून कर्त्यांनी ही हिशेबाची वहीच काढून टाकली.

माझ्या भाच्याच्या संगणकावर हा खेळ पाहताना मला पुनःपुन्हा 'पत्री' आठवत होती. का, ते आता सांगतो.

उघड्यावरून अंधारात

८ ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर सातारा जिल्ह्यातले आंदोलन सुरू झाले ते पूर्ण उघडपणे. आजचा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. दिवसाढवळ्या, हाती तिरंगा घेऊन, निःशस्त्र शेतकरी तालुक्याच्या कचेरीवर चालून जात. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला आणि मोर्चा परतला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथी धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनियर पंड्या आणि विष्णू बारपटे हे हुतात्मा झाले.

भूमिगत होण्याचा निर्णय या दोन दिवसांच्या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. हिंसेची ओढ लागली म्हणून हे लोक अंधारात शिरले नाहीत. उघड्यावर आपली माणसे मरतात आणि राज्य जागचे हलत नाही, हे पाहिल्यावर ते शिरले. खेळातला खेळाडूही हेच गणित करतो. दिसलो तर लढावे लागेल, न दिसलो तर कोणाचेच रक्त सांडणार नाही. इथे लपणे हा हिंसा टाळण्याचा मार्ग आहे.

पहिल्या टप्प्यातली कामे त्याला धरूनच होती. तारा तोडणे, डाक बंगले आणि चावड्यांची दप्तरे जाळणे, रेल्वेची नासधूस करणे. वस्तूला हात लावायचा, जिवाला नाही. याला वैचारिक आधारही मिळाला होता. गांधीजी तुरुंगात गेल्यावर 'हरिजन'मध्ये किशोरलाल मशरूवाला यांनी, जीवितहानी न होता दळणवळण तोडणे अहिंसेत बसू शकते, अशा अर्थाचे मत मांडले होते. गांधीजींना पुढे ते पटले नाही. पण तोवर पूल आणि तारा यांचा निकाल लागलेला होता.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज मार्गावर रेल्वेची पगारगाडी अडवली गेली. रुळांवर दगड रचलेले, हातात कोयते, विळे, लाठ्या आणि दोन-तीन गावठी बाँब. बंदूक होती ती गाडीतल्या पहारेकऱ्याकडे. त्याचे लक्ष वळवून त्याला काबूत आणले गेले. तुफान सेनेचे कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड शेवटपर्यंत या प्रसंगाला 'लूट' म्हणू देत नसत. लोकांचा पैसा लोकांकडे परत आणला, असे ते सांगत. भवानीनगरच्या पोलीस चौकीची हकिगत तर खेळात शोभावी अशी. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी चौकीसमोर घरगुती भांडणाचे सोंग वठवले. मारहाणीत बाई मरते की काय, म्हणून पोलीस सोडवायला धावले आणि मागच्या मागे साथीदारांनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. एकाही पोलिसाला ओरखडा नाही. या हकिगतीतला मला भिडणारा भाग हा की तो डाव पोलिसांच्या माणुसकीवर उभा होता. बाईचा जीव वाचवायला शिपाई धावेल, यावर भूमिगतांचा विश्वास होता, आणि तो धावला.

तळव्यांवरची शिक्षा

पण लपणाऱ्याचा खरा शत्रू पहारेकरी नसतो, खबऱ्या असतो. शेकडो गावांत आसरा घेऊन राहणाऱ्या माणसांना एक फितूर पुरेसा. त्यातून 'पत्री' आली.

बैलाच्या खुरांना पत्री मारतात, ती शेतकऱ्यांच्या मुलखात कोणाला माहीत नाही? प्रतिसरकार खबऱ्यांच्या पायांना तशी पत्री ठोकते, अशी वदंता पसरली आणि 'प्रतिसरकार'चे 'पत्रीसरकार' झाले. प्रत्यक्षातली पद्धत कॅप्टन भाऊंनी उतारवयात सविस्तर सांगून ठेवली आहे. रात्री घराला वेढा घालायचा. खबऱ्याला गावाबाहेर न्यायचे. दोन्ही घोट्यांच्या मध्ये काठी घालून पाय बांधायचे, उलटे धरायचे आणि फक्त तळव्यांवर काठीने मारायचे. शरीराच्या दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. पुढे बरेच दिवस त्याला धड चालता येत नसे. गावाला वेगळे काही सांगावे लागत नसे; ती चालच सांगे.

शिक्षेचे हे स्वरूप विचारपूर्वक ठरवलेले दिसते. जीव जात नाही, हाड शाबूत राहते, दहशत मात्र पुरेपूर बसते. खबऱ्यांपुरती ती मर्यादितही राहिली नाही. नाडणारे सावकार, बायकांची छेड काढणारे गावगुंड यांनाही ती मिळू लागली. न्यायदान मंडळे जमिनीचे तंटे तोडत होती, दारूबंदी होत होती, थोडक्या खर्चात गांधी-विवाह लागत होते, आणि या सगळ्या विधायक कारभाराच्या पाठीमागे ती काठी उभी होती. पोलीस यंत्रणा विस्कटल्यावर दरोडेखोरांच्या टोळ्या बोकाळल्या. त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा काठी पुरली नाही, काहींचा शेवट गोळीने झाला.

इथे औंध संस्थानाची आठवण काढली पाहिजे, कारण कुंडल हे औंधचेच गाव. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही भिंती नसलेली वसाहत उभी राहिली. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे मोकळे राहून शेती करत. त्यावरूनच पुढे गदिमांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आला. एकाच छोट्या संस्थानात, दोन-चार वर्षांच्या अंतराने, गुन्हेगाराचे काय करावे याची दोन उत्तरे दिली गेली. एक विश्वासाचे, दुसरे तळव्यांचे. पण स्वतंत्रपूर चालवायला राजाची सनद आणि निवांतपणा होता. पत्री मारणाऱ्यांच्या मागे पोलीस लागलेले होते. ही तुलना करताना एवढे भान सुटता कामा नये.

बंदूक येते

२४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आले, वसंतदादा गोळी लागून जखमी अवस्थेत पकडले गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या तरुणांनी थेट खानदेशात जाऊन, धुळ्याच्या साथीदारांच्या मदतीने चिमठाण्याजवळ सरकारी खजिना ताब्यात घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. आता शस्त्रे विकत घेता येत होती, शिकवणारेही आले होते. त्यांपैकी नानकसिंग आणि वाळव्याचे किसन अहिर हे १९४५ च्या फेब्रुवारीत शिराळ्याच्या डोंगरी भागात पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले.

तीन वर्षांत झेंडा, पलिता, काठी आणि बंदूक असा हा प्रवास झाला. यातली कोणतीही पायरी एका बैठकीत ठरवून ओलांडलेली दिसत नाही. प्रत्येक वेळी आधीच्या पायरीने निर्माण केलेली अडचण पुढच्या पायरीवर ढकलत होती. लपले म्हणून खबऱ्यांची भीती, खबऱ्यांसाठी पत्री, पत्रीने कारभार आला, कारभार आला म्हणून तो राखण्यासाठी बंदूक.

पाचगणीहून आलेल्या हाकेचे खरे वजन इथे कळते. खेळ म्हणतो, लपलास तर हिंसा कमी होईल. गांधीजी म्हणत होते ते याच्या उलट. लपण्यात भय आहे, आणि भय हिंसेला बोलावून आणतेच. साताऱ्याचा अनुभव या दोघांनाही अर्धा-अर्धा दुजोरा देतो. वडूज-इस्लामपूरनंतर लपल्यामुळे अनेक जीव वाचले, हे खरे. लपण्याच्या पोटातूनच पत्री जन्मली, हेही तितकेच खरे. मग १९४४ मध्ये बाहेर का आले नाहीत? माझ्या मते त्याचे उत्तर जिद्दीत कमी आणि जबाबदारीत जास्त आहे. तोवर लोक तंटे घेऊन त्यांच्याकडे येत होते, त्यांच्या शब्दावर सावकाराला आणि पाटलाला सामोरे जात होते. नेते उठून हजर झाले असते, तर मागे उरलेल्या या लोकांचे काय झाले असते? ज्याने राज्य करायला घेतले, त्याला एकट्याच्या विवेकापुरते उघड होता येत नाही. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगत उजेडात आले, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

वहीत नसलेली नोंद

खेळाच्या वहीत फक्त प्रेते मोजली जातात. आपल्या स्मारकांवरही तेच झाले आहे. हुतात्म्यांची नावे दगडात कोरली गेली, ते योग्यच. पत्री मारणाऱ्यांच्या आठवणी छापल्या गेल्या, मुलाखती झाल्या, तेही चांगले झाले. पत्री खाल्लेल्याची कैफियत मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. त्यांतले बरेच खरेच फितूर असतील. पण रात्रीच्या वेळी, घाईत, गावकीच्या जुन्या वैरांच्या सावलीत झालेल्या प्रत्येक निवाड्यात चूक झालीच नसेल, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? खेळातला पहारेकरी पडदा बदलला की नाहीसा होतो. इथे मारणारा आणि मार खाणारा पुढची चाळीस वर्षे एकाच पाणवठ्यावर, एकाच ग्रामपंचायतीत, एकाच सोसायटीच्या सभेत भेटत राहिले. त्यांची मुले एका वर्गात बसली.

याने प्रतिसरकारचे मोठेपण उणावत नाही. बंदूकधारी साम्राज्यासमोर विळे-कोयते घेऊन उभे राहिलेल्या त्या शेतकऱ्यांनी जीव घेणे शक्य तितके टाळले, आणि टाळण्याचा नियम स्वतःच स्वतःला घालून घेतला. कोणी वही तपासणार नसताना हे करणे सोपे नव्हते. म्हणूनच त्यांचा हिशेब आपण पुरा मांडला पाहिजे. 'एकालाही मारले नाही' हे वाक्य अभिमानाने लिहिताना त्याच ओळीत लंगडत घरी गेलेल्या माणसाचीही नोंद हवी. ती करणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कुंडल, वाळवा, तासगाव, शिराळा या भागातल्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी, हुतात्म्यांच्या घरांप्रमाणेच पत्री लागलेल्या घरांतल्या कहाण्याही, नावे झाकून का होईना, लिहून घ्याव्यात. साताऱ्याच्या त्या तीन वर्षांचे खरे धैर्य तेव्हाच पूर्णपणे मोजता येईल.